पन्हाळ्याला जाणारं भुयार

बोरगळी, ता. शिरोळ
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय कालिंदी,

तू फोनला रामराम ठोकल्यापासून तुझ्याशी भांडायचं म्हटलं तरी पोस्टाचं तिकीट लावावं लागतं. तुझ्या म्हणण्याप्रमाणे सकाळी उठल्याउठल्या कुणीतरी खोटा इतिहास पाठवायचं आणि तुझा चहा कडू व्हायचा. आता मी जे लिहिणार आहे त्यानं दुपारचाही होईल. पण लिहिल्याशिवाय मला गत्यंतर नाही.

गोठ्यामागं नव्या न्हाणीघरासाठी शोषखड्डा खणत होते. कमरेएवढं खणल्यावर पहार दगडावर वाजली. घडवलेली फरशी निघाली. ती सरकवली तर खाली गोल तोंड, एक माणूस कसाबसा जाईल एवढं. बॅटरी मारली तर आत सगळं पोकळ. तासाभरात माझे धाकटे दीर हंबीरराव अर्धा गाव घेऊन हजर झाले. ते यंदा जिल्हा परिषदेला उभे राहणार आहेत. त्यांनी वाकून आत बघितलं आणि मला म्हणाले, "वैनी, ह्ये थेट पन्हाळ्यावर निघतंय की."

कशावरून, असं विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. संध्याकाळपर्यंत शाळेतली पोरंसुद्धा सांगायला लागली की आमच्या गोठ्यातून मावळे पन्हाळ्यावर जात होते.

मला त्या भुयाराचं सोयरसुतक नाही. माझा जीव अडकलाय माझ्या पोरात, आदर्शमध्ये. अकरावी-बारावीला तो तुझ्याकडे राहिला, तेव्हा 'पुरावा कुठाय?' हे दोन शब्द तू त्याच्याकडून पाठ करून घेतले होतेस. पुण्याची नोकरी सोडून आल्यापासून ते तो विसरला. काकाच्या मागं कॅमेरा घेऊन फिरतो, गडांचे व्हिडिओ करतो, खाली लोक जयजयकार लिहितात. आता ठरलंय की दसऱ्याला कॅमेरा डोक्याला बांधून तो त्या भोकात उतरणार.

आमच्या ह्यांनी आधी दिवा सोडला. सासूबाई, बयाबाई, होत्या तेव्हापासूनची घराची रीत आहे. विहीर असो, धान्याचं बळद असो, बरेच दिवस बंद असलेलं काहीही उघडलं की पहिल्यांदा त्यात दिवा सोडायचा. "दिवा आधी, माणूस मागनं," असं त्या म्हणायच्या. दिवा विझला तर खालचा राखणदार रागावलाय, उतरायचं नाही. ह्यांनी पणती बादलीत ठेवून सोडली, ती पुरुषभर खाली गेल्यावर विझली. हंबीरराव म्हणाले वारं लागलं. मग काचेचा कंदील सोडला, तोही विझला. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा विझला. तेव्हापासून माझी झोप गेली आहे.

तू आदर्शसाठी चार ओळी लिही. माझं तो ऐकत नाही, बापाचं ऐकत नाही, तुझं ऐकेल. माझं पोरगं त्या भोकात उतरू नये, एवढंच मला हवंय.

तुझी,
संयोगिता


कोल्हापूर
३० ऑगस्ट २०२५

संयोगे,

चहा कडू झालाच.

महाराष्ट्रात सांगितली जाणारी सगळी भुयारं खरी असती तर आपण केव्हाच जमिनीसकट पाताळात गेलो असतो. माझ्या गल्लीच्या तोंडाशी जे सलून आहे त्याच्या खालूनही एक पन्हाळ्याला जातं, असं मला तिथल्या खुर्चीत बसलेल्या एका वकिलानं छातीठोकपणे सांगितलं. गडहिंग्लजला गेले तर तिथून एक सामानगडाला निघतं. राधानगरीला तर म्हणे धरणाच्या पाण्याखाली आहे, म्हणून दिसत नाही. न दिसणं हाच आमच्याकडे असण्याचा पुरावा.

तुमच्या हंबीररावांना चार प्रश्न विचार. पन्हाळा तुमच्यापासून साठएक किलोमीटर. मधे पंचगंगा. जे लोक नदीच्या तळाखालून भुयार नेऊ शकत होते ते वरून होडीनं का जात होते? खणलेली माती कुठे टाकली? तिचा दुसरा पन्हाळा झाला असता. ती उचलायला जी हजारो माणसं लागली त्यांच्यापैकी एकानंही बायकोला सांगितलं नाही, मग गुपित तुमच्या दिरांपर्यंत कुणी पोचवलं? आणि सगळ्यात मजेचं म्हणजे त्यातून घोडे दौडवत नेले म्हणे. बंद भुयारात घोडा श्वास कशानं घेणार? स्वार तरी कशानं घेणार? पहिल्या मैलातच दोघे आडवे होतील. बिगरीतल्या पोराला सुचेल अशी गोष्ट, पण इतिहास म्हटला की आमची माणसं अक्कल चपलांबरोबर बाहेर काढून येतात.

यांना पूर्वज हवेत ते सात फुटी. तलवार हवी ती दोन माणसांना उचलायला लागणारी. अगं, खरी तलवार किलो-सव्वा किलोची असते. दिवसभर हातात धरून लढायचं असतं, व्यायामशाळेत फोटो काढायचा नसतो. देऊळ जुनं दिसलं की ते पांडवांनी एका रात्रीत बांधलं. तुमच्याच तालुक्यात खिद्रापूरला शिलाहारांच्या काळातल्या कारागिरांनी दगडातून जे काम काढलंय, त्यात किती पिढ्यांचे डोळे आणि हात गेले असतील. त्यांचं श्रेय काढून घ्यायचं आणि वनवासात फिरणाऱ्या पाच भावांना द्यायचं. पूर्वजांचा अभिमान म्हणतात तो हा. ज्यांनी खरंच काही केलं त्यांना हाकलायचं आणि जे घडलंच नाही त्याला हार घालायचा.

आदर्शची मला लाज वाटते. त्याला सांग, मावशीला लाज वाटते म्हणून.

त्या खड्ड्याचं नीट वर्णन पाठव. तोंड किती, आत आकार कसा, भिंत दगडाची की मातीची. मला अंदाज आहे, पण पुराव्याशिवाय मी बोलत नाही.

कालिंदी


बोरगळी
९ सप्टेंबर २०२५

प्रिय कालिंदी,

तुझं पत्र आदर्शला दिलं. त्यानं ते उभ्यानं वाचलं, लाज वाटते तिथं कान लाल झाले आणि पत्र घेऊन माडीवर गेला. संध्याकाळी जेवताना काकाला विचारत होता, "काका, खणल्याली माती कुठं टाकली?" हंबीरराव म्हणाले, "तुला लई प्रश्न पडाय लागल्यात." मला बरं वाटलं.

तू विचारलंस ते सांगते. तोंड सुपाएवढं गोल, त्याला दगडाचं कडं. त्याखाली हातभर अरुंद गळा आणि मग आत सगळीकडून फुगत गेलेलं पोट, रांजणासारखं. भिंत मातीची, शेणानं लिंपल्यासारखी दिसते. तळाशी काळं काहीतरी कुजलेलं, पेंढ्यासारखं. पाऊस झाला की आणखी ओल धरतं. वास आंबूस येतो, फार वेळ वाकून बसलं की डोकं जड होतं. पन्हाळ्याकडं जाणारी वाट मला तरी कुठल्या बाजूला दिसली नाही.

हंबीररावांनी पत्रिका छापायला टाकली. दसऱ्याला भुयारपूजन, मर्दानी खेळ आणि राजेशाही तांबडा-पांढरा रस्सा. जयसिंगपूरच्या चौकात फलक लागलाय, त्यावर हंबीररावांचा फोटो आहे, तो भोकापेक्षा मोठा. मात्र उतरायचा कार्यक्रम त्यांनीच रद्द केला. कंदील विझलेला त्यांनी स्वतःच्या डोळ्यानं बघितलाय, आणि निवडणुकीच्या वर्षात राखणदाराशी वैर नको म्हणतात. सीमाभागातून कुणी जाणता माणूस येणार, बोकड देणार, मग पुन्हा दिवा सोडणार. दिवा तगला तरच माणूस. तोवर फरशी सरकवून त्यावर दोन धोंडे ठेवलेत. मी तुझ्या शिव्या खाईन, पण बोकडाच्या निमित्तानं का होईना, मला चार रात्री झोप लागली.

आता तू एवढं सांग, कालिंदी. दिवा का विझतो? आमचे हे सांगू शकत नाहीत. आईनं सांगितलं म्हणून करतो, एवढंच त्यांना ठाऊक. पण आदर्श आता तुझ्या पत्रानं चेव चढल्यासारखा वागतोय. राखणदार बिखणदार सगळं थोतांड आहे म्हणतो. दिव्याचं खरं कारण कळलं तर तो ऐकेल.

तुझी,
संयोगिता


कोल्हापूर
१५ सप्टेंबर २०२५

संयोगे,

हे पत्र आदर्शला दे, आणि हंबीररावांना ऐकवायचं असेल तर सभा बोलावून ऐकव.

तुमच्या घरात सापडलं ते पेव आहे. धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं, शेणामातीचा लेप, खाली पेंढा, वर फरशी आणि फरशीवर माती. पाऊस, उंदीर, चोर आणि सरकारी माणूस, चौघांपासून धान्य वाचवायची युक्ती. सांगलीजवळ हरिपूरला हळद ठेवायला अशी पेवं होती, आपल्या हयातीतली गोष्ट आहे. तुमच्या पेवातून पन्हाळ्याला कुणी गेलं नाही. ज्वारी मात्र खाली गेली आणि वर आली. मला विचारशील तर हे भुयारापेक्षा मोलाचं आहे, पण ज्वारीच्या नावानं घोषणा देता येत नाहीत, ही हंबीररावांची अडचण मी समजू शकते.

त्यांच्या राजेशाही रश्श्याबद्दलही एक निरोप दे. मिरची आपल्याकडे आली ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून. शिलाहार राजानं तांबडा रस्सा ओठाला लावला असता तर त्यानं आचाऱ्याला विषप्रयोगाच्या आरोपावरून हत्तीच्या पायी दिलं असतं.

आता दिवा. मला वाटलं होतं निदान तू तरी हे विचारणार नाहीस. आपण एका बाकावर बसून शिकलो. पणती वाऱ्यानं विझली. कंदिलाचं म्हणशील तर आजकाल रॉकेल मिळतं कुठं? देवघरातला जुना कंदील, तळाशी वर्षानुवर्षं साचलेलं तेल, त्यात पाणी शिरलेलं. काच हलली असेल, वात काजळली असेल. शंभर कारणं आहेत, आणि त्यातल्या एकालाही दाढी-मिशा आणि भाला नाही. बयाबाई माझ्याही मायेच्या होत्या, त्यांच्या हातची भाकरी मी खाल्ली आहे. पण त्या ज्या काळाच्या गोष्टी सांगायच्या तो काळ भीतीवर चालायचा. अंधार दिसला की राखणदार, आजार आला की देवी, कुणी आडात पडला की हडळ. माणसाला काही कळत नव्हतं म्हणून तो रीत पाळायचा. आपल्याला कळतं. कळूनही पाळायची असेल तर मग हंबीररावांना हसू नका, त्यांच्या पंगतीला बसा.

आदर्शला सांग, बॅटरीचा टॉर्च राखणदाराला घाबरत नाही.

कालिंदी


बोरगळी
२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना

ती. मावशी, सा. न.

हाताने पत्र लिहायची सवय मोडली आहे, अक्षराला हसू नका. तुमची दोन्ही पत्रं मी पाठ होईपर्यंत वाचली. लाज वाटते हे वाक्य फार लागलं. खरं सांगायचं तर मलाही माझी लाज वाटत होती, फक्त व्हिडिओखाली लोक चांगलं चांगलं लिहायचे म्हणून ती दबली होती.

जाणता माणूस येऊन गेला. बोकड कापलं, खाल्लं, आणि परवा पुन्हा कंदील सोडला. विझला. काका आता म्हणतात, राखणदार साधा नाही, दसऱ्याला नुसतं पूजन करू, उतरायचं पुढच्या वर्षी. म्हणजे वर्षभर हे पन्हाळ्याचं भुयार म्हणून जगभर फिरणार आणि त्याखाली चॅनेल माझं. मला ते चालणार नाही.

मी उतरणार आहे. पेवाचा तळ, भिंत, लेप, सगळं चित्रित करून दसऱ्याच्या आत टाकणार. खोली मोजायला दोराला गाठी मारून ठेवल्या आहेत, एक टोक पेरूच्या झाडाला आणि एक माझ्या कमरेला. काकांनी धोंडे ठेवलेत ते मला एकट्याला सरकतात. सकाळी आबा डेअरीला दूध घालायला जातात आणि आई पूजेत असते, तेवढा वेळ पुरे. आईला सांगितलं तर ती रडेल आणि मग मी उतरणार नाही, म्हणून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

पुरावा कुठाय, हे आता मी काकांना सगळ्यांदेखत विचारणार.

तुमचा,
आदर्श


कोल्हापूर
२४ सप्टेंबर २०२५

चि. आदर्श यास अनेक आशीर्वाद.

शाब्बास. नवरात्रात एवढी चांगली बातमी मला कुणी दिली नव्हती. इथे देवळापुढची रांग बघून मी वैतागले होते, तुझं पत्र आलं आणि माझं जेवण गोड झालं.

तळाच्या कचऱ्यात जळके किंवा कुजके दाणे मिळाले तर कागदाच्या पुडीत ठेव, प्लॅस्टिकमध्ये नको. लेपाचा नखाएवढा तुकडा घे. भिंतीवर बोटांचे ठसे आहेत का पाहा. लिंपणाऱ्या बाईची बोटं कधी कधी उमटलेली राहतात, आणि मला एखाद्या राजाच्या मुद्रेपेक्षा ती बघायला आवडतील. घाई करू नकोस, खाली भरपूर वेळ घे.

आईला मी काही कळवत नाही. ती बिचारी कंदिलात अडकली आहे. वर आलास की त्याच दिवशी मला पत्र टाक.

तुझी,
कालिंदीमावशी


बोरगळी
७ ऑक्टोबर २०२५

कालिंदी,

तुझं आदर्शला आलेलं पत्र मी फोडलं. तो तेव्हा मिरजेच्या दवाखान्यात होता आणि त्याच्या नाकातोंडात नळ्या होत्या. 'खाली भरपूर वेळ घे' इथपर्यंत वाचलं आणि पुढचं वाचायला मला दुसरा दिवस लागला.

तो पंचवीस तारखेला सकाळी उतरला. मी पूजा आटपून धुणं वाळत घालायला मागं गेले तर धोंडे बाजूला, फरशी बाजूला आणि खाली टॉर्च जळत होता. टॉर्च खरंच घाबरला नव्हता, तुझं बरोबर होतं. तो नीट जळत होता आणि त्याच्या उजेडात माझं पोरगं कुशीवर पडलेलं होतं. मी हाक मारली. तो हलला नाही.

माझ्या ओरडण्यानं हंबीरराव धावत आले. ज्या माणसाला तू दोन पत्रांत सोललास, तो चपला काढून पुतण्यासाठी आत पाय घालून बसला होता. तेवढ्यात हे डेअरीतून आले. त्यांनी भावाला दंडाला धरून मागं खेचलं आणि म्हणाले, "दिवा इजलाय न्हवं? मग तू बी इजशील." मी माझ्या नवऱ्याचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. मग दोघांनी आणि गल्लीतल्या पोरांनी कमरेचा दोर ओढला. तोंड अरुंद. खांदा निखळला, पाठीची सालटं निघाली. वर आला तेव्हा ओठ जांभळे होते आणि छाती हलत नव्हती. हंबीररावांनी त्याच्या तोंडात तोंड घालून फुंकलं, कुठल्या व्हिडिओत बघितलं होतं म्हणे. प्रचाराच्या जीपमधून मिरजेला नेला.

डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. पेवात पेंढा आणि धान्याचा राहिलेला कचरा कुजत राहतो, ओलीनं आणखी कुजतो आणि चांगली हवा खाऊन टाकतो. जी उरते ती जड, तळाशी बसून राहते. माणूस दोन-चार श्वासांत पडतो. मोठे सज्जन डॉक्टर, शेवटी म्हणाले, "उतरायच्या आधी नुसता दिवा सोडून बघितला असता तरी कळलं असतं." आम्ही दिवा सोडला होता. आम्ही तो चारदा सोडला होता. तो का विझतो, हे मी माझ्या शिकलेल्या मैत्रिणीला पोस्टानं विचारलं होतं.

आणि तुला माहीत नव्हतं असंही नाही, याचाच मला राग येतो. बंद भुयारात घोडा श्वास कशानं घेणार, हे तुझ्या पहिल्याच पत्रात आहे. हंबीररावांना हसायचं होतं तेव्हा तुला घोड्याचा श्वास सुचला. माझ्या पोराचा सुचला नाही. मी वास आंबूस येतो लिहिलं, डोकं जड होतं लिहिलं, तुला त्यात दिसला फक्त राखणदार. त्याची तू दाढी-मिशी काढलीस आणि त्याच्यामागं काय आहे ते बघितलंच नाहीस.

हंबीरराव अडाणी आहेत. ते आजही खोटं बोलतात. आता फलकावर लिहिलंय की भुयारात शत्रूसाठी विषारी वायू भरून ठेवला होता, आणि तो आमच्या पूर्वजांचा शोध आहे. खाली कंसात 'कोल्हापूरच्या थोर इतिहासतज्ज्ञ कालिंदीताईंच्या मार्गदर्शनाखाली' असंही आहे, तुला आनंद होईल. पण कालिंदी, त्या अडाण्यानं राखणदाराला भिऊन दोन धोंडे ठेवले होते. ते धोंडे तुझ्या पत्रानं काढले. त्याच्या खोट्यानं माझा मुलगा घरात बसला असता. तुझ्या खऱ्यानं तो खाली गेला, आणि तुला ते माहीत होतं आणि तू मला कळवलं नाहीस.

आदर्श घरी आलाय. चालतो, जेवतो. बोलताना मधेच शब्द सापडत नाही. काल पाणी मागताना बराच वेळ तांब्याकडं बघत बसला. डॉक्टर म्हणतात महिने लागतील, परत येईल. मी विश्वास ठेवते, मला दुसरं काय करता येतं?

उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

संयोगिता


कोल्हापूर
१२ ऑक्टोबर २०२५

संयोगिता,

उत्तर पाठवू नये असं तीन दिवस वाटत होतं. मग वाटलं, गप्प बसणं हीसुद्धा माझी आणखी एक ऐट होईल.

तुझ्या पत्रातलं एकही वाक्य मला खोडता आलं नाही. खोडायचा प्रयत्न मी केला, हेही सांगते. वाटलं, मी त्याला जा म्हटलं नव्हतं. मग माझंच 'शाब्बास' आठवलं. आईला कळवत नाही, हे मी किती मजेत लिहिलं होतं. एखाद्या मुलीसारखं गुपित राखल्याचा आनंद झाला होता मला, आणि तू कंदिलात अडकली आहेस म्हणून तुझी कीव येत होती.

काल कपाटातून पेवांवरचं जे होतं ते काढून बसले. पेव उघडल्यावर लगेच उतरत नसत, तोंड मोकळं ठेवून वाट बघत, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. मी ते पूर्वी वाचलंय. शेजारी माझ्याच पेन्सिलीनं 'मुहूर्त?' असं लिहिलेलं आहे. म्हणजे माणसं हवेसाठी थांबत होती, आणि मी समजून चालले होते की ती ज्योतिषासाठी थांबतायत. दुसरं काही कारण असेल अशी त्यांची लायकीच मला वाटली नाही.

जन्मभर मी लोकांना हसले, की यांना जुना काळ असेल त्यापेक्षा मोठा दिसतो. मला तो असेल त्यापेक्षा लहान दिसत होता. हंबीररावांची थाप निदान फलकावर असते, चार माणसं हसू शकतात. माझी थाप पदवी घेऊन वर्गात उभी राहायची. ज्यांनी शेणामातीत धान्य वर्षानुवर्षं टिकवलं, त्यांना हवा कळत होती. ऑक्सिजन हा शब्द नव्हता म्हणून त्यांनी राखणदार म्हटलं, आणि नातवंडं विसरू नयेत म्हणून त्याला राग दिला. मी शब्द बघितला आणि माणसांना मूर्ख ठरवलं. याहून ढ विद्यार्थिनी माझ्या वर्गात कधी बसली नसेल.

हंबीररावांना मी वेगळं पत्र लिहिलंय. माझं नाव काढायला सांगितलं नाही. माझं नाव ठेवा, पण फलक बदला, असं लिहिलंय. हे पेव आहे, भुयार नाही, आणि यात दिवा सोडल्याशिवाय कुणी उतरू नये, एवढंच त्यावर असावं. गावात आणखी पेवं असणार. एक निघालं की शेजारी दुसरं असतंच. बाकीचे लोक भुयार शोधत पहारी घेऊन निघायच्या आत हे व्हायला हवं. आणि त्यांनी आदर्शच्या छातीत जो श्वास घातला त्याबद्दल मी त्यांच्या पायावर डोकं ठेवायला तयार आहे, हेही लिहिलंय. ते त्याचाही व्हिडिओ काढतील. काढू देत.

मला यायचंय. तू दारातून परत पाठवलंस तर एसटीनं परत येईन. माफ कर म्हणत नाही, तो शब्द माझ्या तोंडी शोभत नाही आणि तुला पुरणारही नाही. पण मला आदर्शला बघायचंय.

कालिंदी


बोरगळी
१८ ऑक्टोबर २०२५

कालिंदी,

हंबीररावांनी तुझं पत्र मोठ्यानं वाचलं, पायावर डोकं ठेवायची ओळ दोनदा. फलक बदलला. पेव असं लिहिलंय, दिव्याचंही लिहिलंय, खाली फोटो त्यांचाच आहे. वरच्या आळीला गायकवाडांच्या परड्यात अजून एक तोंड निघालं. त्यांनी आधी कंदील सोडला. विझला. झाकून ठेवलंय.

आमचे हे पेव बुजवायला निघाले होते. आदर्शनं हात धरला. बुजवायचं नाही म्हणाला, आणि ते एवढं वाक्य त्यानं सलग म्हटलं.

पाडव्यानंतर ये. फरशी उघडून ठेवू, दिवा सोडू. तगला तर तोंडाशी वाकून बघ, भिंतीवर बोटं आहेत. उतरताना आदर्शच्या फोनमध्ये ती आली आहेत, बाईचीच वाटतात. नाही तगला तर वाट बघायची. दिवा आधी, तू मागनं.

आणि एक. आदर्शला तुला काहीतरी सांगायचंय. काय ते मला सांगत नाही. तो बोलायला लागला की मधे थांबेल, शब्द शोधत राहील. तुला तो शब्द आधी सुचेल, तुला नेहमीच सुचतो. तू तो पुरवायचा नाहीस. त्याला सापडेपर्यंत गप्प बसायचं. तेवढं जमणार असेल तर ये.

संयोगिता